ओळ संपेपर्यंत थांब

ताई,

मी 44 वर्षांची आहे. शाळेनंतर कधी ब्रश हातात धरला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी जलरंग आणले आणि घरातलीच माणसं काढायला लागले. सासूबाई खुर्चीत डुलकी घेतायत, मुलगी बुटाची नाडी बांधतेय, मुलगा सोफ्यावर आडवातिडवा झोपलाय, असं. कितीतरी वर्षांनी काहीतरी फक्त माझं आहे असं वाटत होतं.

मग लागोपाठ तीन गोष्टी झाल्या. 16 वर्षांच्या मुलाने स्वतःचं चित्र बघून म्हटलं, "हा मी? मला वाटलं उशी आहे." सगळे हसले, मीही हसले. नवरा कौतुकाने म्हणाला, "अगं, विकायला ठेव, लोक घेतील." तेव्हापासून कागद समोर घेतला की 'हे कोण घेईल' एवढंच मनात येतं. तिसरी गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. 11 वर्षांची मुलगी काहीतरी सांगायला आली. मी ओला रंग पसरवत होते. "थांब गं, वाळेल," म्हणाले. पंधरा मिनिटांनी मान वर केली तर ती गेली होती. मग कामाच्या गडबडीत विचारायचं राहूनच गेलं. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाली, "आता आठवत नाही."

ज्यांची चित्रं काढते त्यांच्याकडेच माझं लक्ष नाही. वही कपाटात टाकून तीन आठवडे झाले. या वयात हा नाद सोडून द्यावा का? मला एकेरीच हाक मारा.

– कपाटातली वही

प्रिय मैत्रिणी,

नाद सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निर्धास्तपणे वाचशील. पण मुलीच्या बाबतीत तुला जे टोचतंय ते खोटं नाही, आणि 'एवढं काय मनाला लावून घेतेस' म्हणून मी ते उडवून लावणार नाही. सुरुवात तिथूनच करू.

माझी आई विणायची. शाळेतून आलो की आम्ही भावंडं तिच्याभोवती बसून दिवसभराचं सगळं ओतायचो आणि तिच्या सुया चालूच असायच्या. साध्या टाक्यांना नजर लागत नाही, त्यामुळे बहुतेक वेळ ती आमच्याकडे बघतच विणायची. नक्षी आली, टाके मोजायची वेळ आली की मात्र सुई न सोडता एक बोट किंचित वर करायची. अर्थ एवढाच, की ओळ संपेपर्यंत थांब. आम्ही थांबायचो. कधी कंटाळून उठूनही जायचो. पण ओळ संपली की ती विणकाम बाजूला ठेवायची आणि आम्ही असू तिथे येऊन विचारायची, "हं, काय म्हणत होतीस?" तिने थांबवलं म्हणून रुसल्याचं मला आठवत नाही. तिचं ते विचारायला येणं आठवतं.

'थांब' म्हणालीस यात तुझं काही चुकलं नाही. 11 वर्षांच्या मुलीला पंधरा मिनिटं थांबता येतं. आईचंही असं एखादं काम असतं जे मधेच टाकून उठता येत नाही, हे तिने बघितलेलं बरंच. चुकलं ते एवढंच, की तुझी ओळ संपली तेव्हा तू उठून तिच्याकडे गेली नाहीस. ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. त्यासाठी वही कपाटात टाकायची गरज नव्हती. उलट मुलीच्या बाजूने विचार कर. तिला कदाचित एवढंच दिसलं असेल, की मी एकदा बोलायला गेले आणि आईने चित्र काढणंच सोडलं. हे ओझं तिच्या डोक्यावर नको.

आता काय करशील? तिला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नकोस. ती खरंच विसरलीही असेल. दोघींचे हात कशात तरी गुंतलेले असतील अशी वेळ बघ, कपड्यांच्या घड्या घालताना म्हण, आणि फक्त इतकंच म्हण: "त्या दिवशी तू काहीतरी सांगायला आली होतीस. मी थांब म्हटलं आणि नंतर तुझ्याकडे आलेच नाही. माझं चुकलं." मग गप्प बस. शेवटी प्रश्न जोडू नकोस. 'काय होतं ते सांग ना' तर मुळीच नको. आणि पुढच्या वेळेसाठी तुमच्या दोघींत एक खूण ठरव. ब्रश असा आडवा धरला की 'हा रंग वाळेपर्यंत', बस. वाळला की उठायचं ते तू. ती थांबेल की नाही ते तिच्यावर सोड.

थोडा दोष रंगांचाही आहे. जलरंगाला मधे थांबणं चालत नाही. ओल्या कागदावर रंग पसरत असताना उठलीस तर कडा वाळून कडक रेघ उमटते, आणि अर्धवट वाळलेल्यावर पुन्हा पाणी लागलं की फुलासारखे डाग पडतात. म्हणजे घरातल्या सगळ्यात वर्दळीच्या वेळी तू सगळ्यात कमी थांबणारं साधन हातात घेत होतीस! घर जागं असताना पेन्सिल घे. 2बी किंवा 4बी, मऊ, आणि हातात मावेल अशी वही. पेन्सिल कुठल्याही क्षणी खाली ठेवता येते, आणि ती ठेवलीस हे समोरच्या माणसाला दिसतं. मुलांच्या लेखी त्या ठेवण्याला फार किंमत असते. रंगांसाठी आठवड्यातून दोनदा एक तास वेगळा काढ, दार लोटून घे आणि घरात सांगून ठेव: कुणी पडलं, कुणाला रडू आलं तर खुशाल दार ढकला, बाकीचं सगळं तासाभराने. पेन्सिलीने टिपलेलं तिथे बसून रंगवायचं. कागद तेवढा जाड घे, 300 ग्रॅमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढं वजन असलेला. पातळ कागद पाण्याने फुगतो, लाटा उठतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

तीन आठवड्यांच्या खाड्याची काळजी करू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयी 12 आठवडे पाहिल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागत होते, पण कुणाला 18 तर कुणाला 254 पडतील असा त्यांचा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं काही बिघडत नव्हतं. तीन आठवडे म्हणजे एखादा दिवस नाही, मान्य. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लाग, झालं.

मुलाच्या उशीकडे येते. लागलं तुला ते. सगळ्यांबरोबर हसलीस म्हणून ते कमी लागलं असं नाही, हे मला कळतंय. पण त्याच्या बोलण्यात तुझ्या उपयोगाचं काहीतरी आहे. नवशिका हात डोळे फार वर काढतो. खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, वर कपाळ आणि केस मिळून अर्धं डोकं उरतं. आरशासमोर पट्टी धरून बघ, पटणार नाही इतकं कपाळ असतं आपल्याला. एवढं सुधारलं तरी चेहरा माणसात येतो. पण खरं सांगू का, तू चेहऱ्याच्या मागे लागूच नकोस. घरातली माणसं आपण पाठीवरूनही ओळखतो, पायरीवरच्या पावलांवरून ओळखतो. खांदा कसा पडतो, मान कुठल्या बाजूला कलते, ते आधी पकड.

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ, त्याचं 1656 च्या सुमाराचं एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नुकतं चालायला शिकणारं एक मूल, त्याला धरणाऱ्या दोघीजणी, समोर उकिडवा बसून हात पुढे केलेला माणूस. तपकिरी शाईच्या थोड्याच रेघा आहेत, चेहरे जेमतेम. तरी कोण धीट आहे आणि कोण बिचकतंय ते लगेच कळतं, कारण सगळं धरलेल्या हातांत आणि वाकलेल्या पाठीत आहे. तुझ्या यादीतलं 'मुलगी बुटाची नाडी बांधतेय' हे मी वाचलं तेव्हा मला हेच चित्र आठवलं. तू विषय अगदी बरोबर निवडतेस. जे काम करताना माणूस पुन्हा पुन्हा त्याच पवित्र्यात येतो, केस विंचरताना, भांडी घासताना, ते काढायला घे. हालचाल निसटली तरी ती परत येते. आणि मुलाला एकदा सांग, पाच मिनिटं मी बसते, तू मला काढ. जे काही निघेल ते तुझ्या वहीत चिकटव.

नवऱ्यावर रागावू नकोस. प्रेमाने बोललाय तो. पण त्या वाक्याने काय झालं हे तुझं तूच नेमकं ओळखलंस. 1973 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधीच सांगितलं, स्केचपेनने चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं त्यांची आवड मात्र टिकून होती. तेव्हा नवऱ्याला सरळ सांग: "एक वर्ष विकण्याचं नाव काढायचं नाही. बघायचं मात्र नक्की." आणि खरंच दाखव त्याला. कौतुकाला दुसरी वाट मिळाली की तो विकण्याचं बोलणार नाही, असं मला वाटतं.

राहिलं वय. खरा अडसर वयाचा नसतोच, घर सांभाळायचं म्हणून हातातलं सोडून देण्याचा असतो. बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीने 1872 मध्ये पाळण्याशेजारी बसून झोपलेल्या बाळाकडे बघणारी एक आई रंगवली. ती आई म्हणजे तिची सख्खी बहीण, एडमा. दोघी एकत्रच चित्रकला शिकलेल्या, प्रदर्शनांत दोघींचीही चित्रं लागलेली. 1869 मध्ये एडमाचं लग्न झालं आणि तिचं रंगवणं जवळजवळ थांबलं. आज ते चित्र पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. मी त्याच्या छापील प्रतीसमोर कितीदा तरी थांबलेय. एडमाची नजर बाळावर आहे, हात गालाला टेकलेला आहे. त्या घरातला तो क्षण तिच्याही डोळ्यांनी कागदावर उतरला असता, ही हुरहूर मला दर वेळी लागते. बाळाकडे बघणारे डोळे आणि चित्र काढणारा हात एकाच बाईचे असू शकतात. तुझ्या घरात सहा महिने ते तसे होतेच.

तेव्हा आज वही बाहेर काढ. उशीचं चित्र फाडू नकोस, मागे तारीख घाल. आणि मुलीने कधी सांगितलंच त्या दिवशीचं, तर ते मला कळवू नकोस. ते तुमच्या दोघींचं.

तुझी,
ताई