वाचकांचे प्रश्न: मागे उभा राहणारा लॅरी रॉबिन्सन

प्रश्न: माझा नातू कॅनडात मिसिसॉगाला असतो, अकरा वर्षांचा आहे, आइस हॉकीत डिफेन्सला खेळतो. गोल दुसरी मुलं करतात आणि हा घरी येऊन हिरमुसून बसतो. त्याचा कोच म्हणतो लॅरी रॉबिन्सन बघ. हे कोण? — एक आजी, नाशिक

उत्तर: आजी, कोच चांगला मिळालाय हो नातवाला! लॅरी रॉबिन्सन म्हणजे ओंटारियोतल्या मार्व्हलव्हिल नावाच्या छोट्या गावात, दुधाच्या धंद्याच्या शेतावर वाढलेला मुलगा, जन्म 1951 चा, उंची सहा फूट चार इंच. 1971 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी पहिल्या नंबरवर गी लाफ्लूरला घेतलं, सगळी चर्चा त्याचीच, आणि ह्याला घेतलं विसाव्या नंबरवर. आल्या आल्या मेन टीममध्ये जागाही नाही मिळाली, आधी खालच्या लीगमध्ये खेळून यावं लागलं. पण नंतर मॉन्ट्रियलकडून 17 सीझन आणि लॉस एंजेलिस किंग्जकडून 3, असे 20 सीझन तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये खेळला, आणि वीसच्या वीस वेळा त्याची टीम प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला गेली. हे मला त्याच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा मोठं वाटतं.

आता नातवाच्या दुखण्याचं बोलू. हॉकीत प्लस-मायनस नावाचा हिशोब असतो. दोन्हीकडे सारखी माणसं खेळत असताना तुम्ही बर्फावर आहात आणि आपल्या टीमचा गोल झाला की प्लस एक, आपल्यावर झाला की मायनस एक, मग गोल कोणीही मारलेला असो. 1976-77 च्या सीझनला रॉबिन्सनचा आकडा होता प्लस 120! एका सीझनला याच्यापेक्षा जास्त फक्त बॉबी ऑरचा आहे, 124, आणि अख्ख्या करिअरचा बघितला तर रॉबिन्सनच सगळ्यांच्या पुढे. त्या वर्षी कॅनेडियन्स 80 पैकी फक्त 8 मॅच हरले. सर्ज सवार्ड, गी लापॉइंट आणि हा, तिघं मागे उभे असले की समोरच्याला पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन आत यायला वाटच नसायची. 1976 च्या फायनलमध्ये त्याने फिलाडेल्फियाच्या गॅरी डॉर्नहोफरला असा धक्का दिला की रिंकच्या कडेचं बोर्डच आत गेलं, मॅच थांबवून ते दुरुस्त करावं लागलं.

मी स्वतः मॉन्ट्रियलला असताना सकाळी सहाला मुलांची प्रॅक्टिस बघायला जायचो, तिथे एक कोच डिफेन्सच्या पोरांना स्टिक उलटी धरायला लावायचा. मूठ खाली, पातं वर. म्हणजे पकवर नुसती स्टिक आपटता येत नाही, पाय हलवावेच लागतात, समोरच्याच्या छातीकडे बघत उलटं स्केटिंग करत त्याला हळूहळू कडेला ढकलावं लागतं. पककडे बघितलं की फसलात. पोरं आधी रडकुंडीला यायची आणि महिन्याभरात अशी तयार व्हायची की बघत राहावं. तेव्हा फोनवर नातवाला आज गोल किती झाले विचारू नका, किती जणांना कडेला घातलंस ते विचारा, बघा कसा भरभरून सांगेल.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की रॉबिन्सन हेड कोच होऊन परत असिस्टंट झाला. हे डिमोशनच झालं ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर: मला नाही तसं वाटत, आणि हे जरा सविस्तर सांगतो. 1993 ला तो न्यू जर्सी डेव्हिल्सचा असिस्टंट झाला, स्कॉट स्टीव्हन्स, नीडरमायर अशा डिफेन्समनसोबत काम केलं, 1995 ला टीमने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदाची ट्रॉफी जिंकली. मग किंग्जचा हेड कोच, चार वर्षं, फार काही जमलं नाही. परत डेव्हिल्सकडे असिस्टंट. आणि मार्च 2000 मध्ये, सीझनच्या फक्त 8 मॅच उरलेल्या असताना, हेड कोचला काढून टीम याच्या हातात दिली! प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाशी सात मॅचच्या मालिकेत 3-1 ने मागे पडले तेव्हा हा एरवी शांत असणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये असा भडकला की कचऱ्याचा डबा लाथेने उडवला, आणि टीम पुढच्या तिन्ही मॅच जिंकली. फायनलला डॅलसला हरवलं, सहाव्या मॅचला, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. त्या मॅचमध्ये पेत्र सिकोरा जखमी होऊन हॉस्पिटलला गेला होता, तर रॉबिन्सन त्याची जर्सी अंगात घालून बर्फावर कप साजरा करत होता. मला तो फोटो फार आवडतो.

पुढे 2001 ची फायनल सातव्या मॅचला गेली, 2002 च्या जानेवारीत त्याला काढलं. 2005 ला परत हेड कोच केलं आणि डिसेंबरमध्ये त्याने स्वतःहून सोडलं, टेन्शन झेपत नाही, डोकं दुखतं असं सरळ सांगून. एवढ्या मोठ्या माणसाने हे उघडपणे बोलणं सोपं नव्हतं हो. नंतर सॅन होजेला असिस्टंटचं काम केलं. एकेका डिफेन्समनला बाजूला घेऊन शिकवणं हेच त्याचं खरं काम होतं, प्रेस कॉन्फरन्स आणि मालकांचे फोन हे नव्हे, आणि ते त्याला कळलं.

प्रश्न: कोचचं नाव पण कपावर कोरतात का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर: हो, कोरतात. रॉबिन्सनचे एकूण दहा कप आहेत, सहा खेळाडू म्हणून आणि बाकीचे कोचिंग आणि सल्लागार वगैरे कामांतले, शेवटचा 2019 ला सेंट लुईस ब्लूजबरोबर. कपाच्या खालच्या भागात नावं कोरलेल्या पट्ट्या असतात, त्या भरल्या की सगळ्यात जुनी काढून टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात. नाशिकच्या आजी, मिसिसॉगाहून ते जवळच आहे, पुढच्या वेळी गेलात की नातवाला घेऊन जाऊन या.