जि.प. शाळेत मुलांच्या समुपदेशनासाठी सरकारी अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही विचारलंय की गावच्या जि.प. शाळेत, जिथे पट दीडशेच्या आसपास आहे, सहावी-सातवीच्या मुलांसाठी समुपदेशन, मानसिक आरोग्य असं काही सुरू करायचंय तर सरकारी पैसा कुठून मिळेल. मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची दोन टर्म अध्यक्ष होते, मुलगी तिथेच शिकायची, म्हणून जे स्वतः फिरून कळलं ते लिहिते, जरा लांबेल.

सगळ्यात आधी, ‘विद्यार्थी कल्याण’ अशा नावाचं एखादं अनुदान शोधत बसू नका. माझे जवळजवळ सहा महिने त्यातच गेले, प्रत्येक टेबलावर ‘असं लेखाशीर्ष नाही ताई’, म्हणजे सरकारी हिशेबात त्या नावाचं खातंच नाही, एवढंच ऐकायला मिळायचं. पैसा आहे, पण तुकड्यातुकड्यांत आणि वेगवेगळ्या खात्यांकडे. म्हणून तुमच्या कामाचेच तुकडे करा: बोलणारा माणूस आरोग्य खात्याकडून, खोली आणि सामान ग्रामपंचायत व शाळेच्या अनुदानातून, आणि कायमच्या समुपदेशकाची मागणी शाळा विकास आराखड्यातून, म्हणजे शाळेला पुढे काय लागेल ते समिती लिहून देते त्या कागदातून.

शाळेच्या खात्यावर समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर असतं. १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार. पट यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जो भरलाय तोच धरतात, त्यामुळे ती माहिती बरोबर भरलीय का ते आधी बघा. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर जातात, बाकीच्यात लाईट बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, म्हणजे यातून कुणाचा पगार निघणार नाही हे धरूनच चाला. खुर्च्या, सतरंजी, चित्रांचं सामान एवढं निघतं. खाजगी अनुदानित शाळेला हे अनुदान नसतं, पण पुढे आरोग्य खात्याचं जे लिहितेय ते त्यांनाही मिळतं.

आता माणूस, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यांची डॉक्टरांची टीम वर्षातून एकदा शाळेत येते, वजन-उंची-डोळे-दात बघते आणि जाते, आपणही तेवढंच धरतो. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीनंतर पोट दुखतंय म्हणून व्हरांड्यात बसायची, अभ्यास चुकवते असंच सगळे म्हणायचे. टीममधल्या मॅडमनी तपासलं, पोटात काही नव्हतं, मग त्या तिला घेऊन तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत गेल्या आणि तिच्या शेजारी पोत्यावरच बसून बराच वेळ बोलल्या. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजी अंथरुणाला खिळलेली, धाकट्या भावाचं सगळं हिच्यावर, आणि मधल्या सुट्टीनंतर हिला भीती वाटायची की आजीला काही झालं असेल तर. त्या दिवशी समितीत सगळ्यांना पटलं की शाळेत बोलायला जागा पाहिजे.

त्याच मॅडमनी सांगितलं की जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते आणि शाळांमध्ये जाणं हे त्यांच्या कामातच धरलेलं आहे, पण बोलावल्याशिवाय ते येणार कसे. मुख्याध्यापकांच्या सहीने जिल्हा शल्य चिकित्सकांना, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांना, पत्र द्या, सोबत समितीचा ठराव जोडा आणि पोच घ्या, नुसता फोन करून भागत नाही. शिवाय २०२० पासून आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक सर आणि एक मॅडम, ‘हेल्थ अँड वेलनेस अँबॅसिडर’ म्हणून ट्रेनिंग घेतात, ११ विषय आहेत आणि भावनिक व मानसिक आरोग्य हा त्यातलाच एक. तुमच्या शाळेतले दोघं कोण ते विचारा, ट्रेनिंग झालं नसेल तर लेखी मागा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, जवळचं कुठे आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात कळेल.

खोली आम्ही ग्रामपंचायतीकडून करून घेतली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे गावात फार कमी जणांना माहीत असतं. ग्रामसभेत आम्ही आया पंधराजणी गेलो, विषय आधी लेखी दिला होता म्हणून तो घ्यावा लागला. रंग, पडदा, फॅन आणि दाराला वरच्या अर्ध्या भागात काच, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसतं पण ऐकू येत नाही. आतून कडी ठेवली नाही, तुम्हीही ठेवू नका.

शाळा विकास आराखडा मात्र गंभीरपणे लिहा. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सरकारने अनुदान ठरवताना हा आराखडा आधार धरायचा असतो, आणि आपल्याकडे तो मागच्या वर्षीचा बघून उतरवतात. डिसेंबरच्या आत द्या, कारण त्यानंतर जिल्ह्याचं अंदाजपत्रक तयार होतं. त्यात समुपदेशकाची मागणी टाका आणि खाली लिहा की सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं सांगितलंय. दीडशे पटाला हे लागू पडतं. आमची मागणी मंजूर झाली नाही, पण जिल्ह्याची टीम दर दोन महिन्यांनी यायला लागली ती त्याच कागदामुळे.

आणि यातलं काही व्हायच्या आधी, उद्याच, व्हरांड्याच्या भिंतीवर दोन नंबर रंगवून घ्या, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८, दोन्ही फुकट आहेत. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर नको, चौथीतल्या पोराला वाचता येईल इतके खाली.