साठीत पहिल्यांदा डिस्क गोल्फ : टोरांटो आयलंडला जाताना काय घेऊ?

तुम्ही विचारलंय : "जुलैत मुलाकडे टोरांटोला येतोय. तो आयलंडवर डिस्क गोल्फ खेळायला नेणार म्हणतो. वय साठ, आयुष्यात कधी फ्रिसबी हातात धरलेली नाही. जमेल का आणि काय विकत घेऊ?"

जमेल. हा गोल्फच, फक्त चेंडूऐवजी फ्रिसबीसारखी डिस्क फेकत, कमीत कमी फेकींत साखळ्या लटकवलेल्या बास्केटमध्ये टाकायची. असा एक टप्पा म्हणजे एक होल, सगळे होल मिळून कोर्स. आणि विकत एकच डिस्क घ्या : पटर, म्हणजे जवळच्या फेकीची. दुकानात ड्रायव्हर (लांबच्या फेकीचा), मिडरेंज (मधल्या) आणि पटर असा तीनचा संच दाखवतील. त्यातला ड्रायव्हर या कोर्सवर तुमच्या काही कामाचा नाही.

मी नेमकं उलटं केलं होतं. पहिल्याच दिवशी सगळ्यात वेगवान ड्रायव्हर आणला आणि गल्ली क्रिकेटमधला सगळा जोर काढून फेकला. वीसेक पावलांवरच्या झाडावर तो ठक्कन आपटला आणि माझ्याही मागे येऊन पडला. मी झुडपात डिस्क शोधत असताना मागून एक आजोबा आले, "पुढे जाऊ का?" विचारलं, तीन फेकींत होल संपवलं आणि गेले. त्यांच्या हातात एकच डिस्क होती, कडा पार झिजलेली. तो पटर होता, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

कारण साधं आहे. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला वेगाचा. ड्रायव्हरवर १२-१३ असतो, पटरवर २-३. म्हणजे ड्रायव्हर चांगला असं नव्हे. त्याला तेवढा वेग मिळाला तरच तो सांगितल्यासारखा उडतो. आपल्यासारख्यांनी फेकला की लगेच डावीकडे कोसळतो (उजव्या हाताने बॅकहँड टाकली तर, डावखुऱ्यांचं उलट). पटर मात्र हळू फेकला तरी बराचसा सरळ जातो. आणि आयलंडचा कोर्स म्हणजे १८ होल, बरेचसे शंभर मीटरच्या आतले, दोन्ही बाजूंना झाडं. तिथे लांब जाण्यापेक्षा सरळ जाणं महत्त्वाचं. वजन १६०-१६५ ग्रॅमच्या आसपासचं बघा, खांद्याला बरं.

फेकायचं कसं? कॅरम खेळला असाल तर मनगटाची कल्पना तुम्हाला आहेच. बॅकहँडला डिस्क छातीजवळून सपाट ओढायची आणि शेवटी मनगट सोडायचं. हाताच्या जोरापेक्षा डिस्कला मिळालेली फिरकी जास्त काम करते. फोरहँडसाठी तर आपल्याकडे तयार शिक्षण आहे : लहानपणी तळ्यात चपट्या दगडाने भाकऱ्या काढायचो, तोच हात. पटर फोरहँडने टाकताना जोर कमी ठेवा, नाहीतर तो उलटा वळतो.

झाडांत उभं राहिल्यावर बास्केटकडे बघू नका. मला हे सुटायला एक अख्खा मोसम लागला. बास्केट दिसली की हात आपोआप तिकडे जातो आणि मधलं झाड राहूनच जातं. आधी जवळची फट शोधा, दहा-पंधरा मीटरवरची, आणि त्या फटीतून छातीच्या उंचीने काढा. जुलैत झाडं पानांनी गच्च असतात, वरून जायचा विचार सोडा. फटीतून निघाली की पुढचं पुढे. तीन फेकींचा होल चार फेकींत झाला तर कुठे काय बिघडलं?

वारा हा दुसरा मुद्दा. बेट ऑन्टारियो तलावात आहे, पण तो म्हणायला तलाव. किनाऱ्यावर उभं राहिलं तर समुद्रच वाटतो आणि वाराही तसाच. आत झाडीत तो जाणवत नाही, मोकळ्यावर आलात की अचानक अंगावर येतो. समोरचा वारा डिस्क उचलतो, पाठीमागचा खाली दाबतो. बास्केटजवळ समोरून वारा असेल तर साखळ्यांच्या जरा खाली नेम धरा. पाण्याच्या बाजूला सांभाळून. बहुतेक डिस्क बुडतात.

नियमांपैकी तुम्हाला दोनच लागतील. जिथे पडली तिथूनच पुढची फेक. आणि बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, पुढे पाऊल पडू द्यायचं नाही. हरवलेली डिस्क तीन मिनिटं शोधायची मुभा आहे, पण घरच्या खेळात घड्याळ कोण लावतंय!

हा सार्वजनिक बाग-किनारा आहे, हे मात्र विसरू नका. सहलीला आलेली कुटुंबं, सायकली, पोहायला निघालेली पोरं मध्ये येतात. ती पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबायचं. हा कोर्स जुना आहे, खेळ शहराला नवा नाही (१९८७ची जागतिक स्पर्धा टोरांटोतच झाली होती), तरी चटईवर बसलेल्या माणसाला हे सगळं माहीत असेलच असं नाही.

जायचं असं : बे स्ट्रीटच्या टोकाला जॅक लेटन टर्मिनल आहे, तिथून वॉर्ड्स आयलंडची फेरीबोट घ्या, सेंटर आयलंडची नको. रविवारी सेंटरच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. तिकीट शहराच्या बाजूलाच काढायचं, परतीला वेगळं लागत नाही. वॉर्ड्सच्या धक्क्यापासून कोर्स पायी जवळ आहे. बेट सखल आहे, २०१७ आणि २०१९ मध्ये तलाव चढून बराच भाग पाण्याखाली गेला होता. मोठ्या पावसानंतर काही जागा चिखलाच्या असतात. म्हणून जुने बूट, लांब पँट आणि डासांचं मलम. झुडपात तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात घालू नका, ती बहुधा पॉयझन आयव्ही असते आणि खाज आठवडाभर पिच्छा सोडत नाही.

आणि एक जुना टॉवेल न्याच. बेटावर कॅनडा गीज (बदकासारखे मोठे पक्षी) भरपूर आहेत, आणि तुमची सगळ्यात चांगली फेक नेमकी त्यांच्या प्रसादावर उतरते.