आठव्या हेन्रीची यादी वाचायला घेताय? मग मुकुटापासून सुरुवात करू नका

ही यादी म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मालमत्तेची मोजदाद. नव्याने वाचणारा बहुतेक जण आधी रत्नं शोधतो. मीही तेच केलं आणि दोन महिने वाया घालवले. तुम्ही भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांपासून, म्हणजे टॅपेस्ट्रीपासून सुरुवात करा. हेन्रीकडे त्या दोन हजारांहून जास्त होत्या, आणि खरा पैसा तिथेच ओतलेला होता. हॅम्प्टन कोर्टच्या मोठ्या दालनात अब्राहमच्या कथेच्या टॅपेस्ट्री आजही आहेत. ब्रसेल्सला विणलेल्या, सोन्याचांदीची जर घातलेल्या. ॲरस हे टॅपेस्ट्रीसाठी नावाजलेलं फ्रान्समधलं गाव, पण यादीत ‘ॲरस’ दिसलं की लगेच त्या गावचा माल समजू नका. उंची जरीकामालाही तो शब्द सर्रास वापरत.

ही यादी राजाने हौसेने केलेली नाही. तो जानेवारी १५४७ मध्ये वारला, त्यानंतर मुलाच्या कारकिर्दीत अधिकाऱ्यांनी महालोमहाल फिरून मोजदाद केली. त्यामुळे वस्तू ठिकाणानुसार आणि सांभाळणाऱ्या माणसानुसार येतात. ‘वॉर्डरोब’ म्हणजे कपाट नव्हे, खातं. आपल्या जामदारखान्याच्या जवळचं. चांदीच्या भांड्यांपुढे बहुधा वजन असतं, किंमत नाही. पौंडात हिशेब मांडायचा मोह आवरा.

स्पेलिंगला घाबरू नका, एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. मोठ्याने वाचा, कळतं.

हस्तलिखिताचे दोन भाग लंडनमध्येच आहेत, एक सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे, दुसरा ब्रिटिश लायब्ररीत. पण आधी छापील प्रत घ्या, आणि वाद्यांचं पान चुकवू नका. बासऱ्याच किती!