परातीच्या आत

अगं,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि झोपच उडाली. पोरगी रव्याच्या डब्यात हात घालते, तू ओरडतेस, मग तुलाच रडू येतं, आणि वर विचारतेस की मावशी, पसारा न होता सेन्सरी प्ले, म्हणजे हातांनी चाचपून, चिवडून खेळणं, कसं करायचं. धीरबीर देत बसत नाही, तो आहे तुझ्याकडे.

पसारा होणारच. त्याला हद्द आखून दे आणि मग पोरीला सोड, माझं सगळं ज्ञान एवढंच.

उभ्या काठाची मोठी परात घे, खाली जुनी चादर, परातीत दोन मुठी रवा (किलोभर नको, दोन मुठी!), एक वाटी, एक चमचा. खेळ संपला की चादरीची चार टोकं उचलून झटकून टाकायची. पहिल्या दिवशी ती बाहेर उधळणारच, तेव्हा ओरडू नकोस, हात धरून परातीत ठेव आणि म्हण, "परातीच्या आत." चाळीस वेळा म्हणावं लागेल, मग म्हण. मी बालवाडीत तेवीस वर्षं तेच म्हणत होते, घरी नवरा चेष्टा करायचा.

अगदीच हात भरायला नको असतील त्या दिवशी जाड झिपच्या पिशवीत हेअर जेल घाल, एका कोपऱ्यात लाल खायचा रंग, दुसऱ्यात पिवळा, हवा काढ, झिपवर चिकटपट्टी मार आणि चारी बाजूंनी खिडकीच्या काचेला चिकटव. ती बोटाने दाबत बसेल, मधे केशरी उमटेल, मागून ऊन आलं की बघच. पण पिशवी चावायला गेली तर? म्हणून शेजारी बसायचं, मोबाईल ठेवून. नाहीतर बाटली कर, अर्धी पाणी आणि रंग, वरून तेल. रंग पाण्यातच राहतो, तेल वर तरंगतं, हलवली की गोळे गोळे होतात आणि परत वेगळे होतात. झाकण फेविक्विकने पक्कं कर. पिशवी काय, बाटली काय, परातच आहे ती, फक्त बंद.

आणि ते चौदाशेचं मेस-फ्री किट कशाला घेतलंस गं? पाण्यात फुगणारे रंगीत मणी आहेत ना त्यात, ते आजच्या आज फेक. गिळले तर पोटात फुगतात, आतडं अडतं, ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. वीस महिन्यांची आहे ती, सगळं तोंडात जाणार. चणे, वाटाणे, शेंगदाणेसुद्धा इतक्यात नकोत, घशात अडकतात. माँटेसोरीचं साहित्य खेड्यात कुठून परवडणार, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, दगड, बिया, पानं घेऊन बालवाड्या चालवल्या, आणि तुला कुरियरने खेळ मागवावा लागतो!

रागावू नकोस. हे मी कुणाला सांगतेय ते मला माहितीये. दुसऱ्यांच्या पोरांना परात देणारी मी, माझ्या स्वतःच्या मुलाला कधी दिली नाही. दोन खोल्या, सासूबाई, नळाला सकाळी तासभर पाणी, धुणार कशाने? त्याच्या हाताला जरा काही लागलं की लगेच ओलं फडकं घेऊन धावायचे. आज चाळिशीचा आहे, वरणभात चमच्याने खातो, आंबा चिरूनच लागतो, चोखून कधी खाल्लाच नाही. त्यामुळेच झालं असं नाही म्हणत मी, काहींचा स्वभावच तसा असतो. पाणीही खरंच नव्हतं गं. पण परात होती. भिंतीला टेकवून ठेवलेली, रोज दिसायची.

त्यामुळे भाड्याचं घर, फरशी पांढरी, घरमालकीण खडूस, हे मला नको सांगूस. रवा नको असेल तर गॅलरीत एक ब्रश आणि वाटीभर पाणी दे, फरशी रंगवू दे, पाच मिनिटांत वाळतं.

रविवारी येते. परात मीच आणते, तुझ्याकडच्या त्या बिनकाठाच्या ट्रेचा काही उपयोग नाही. चादर तेवढी जुनी काढून ठेव.

मावशी