हॉरर आणि फँटसीचे चाहते सध्या काय वाचतायत?

"हॉरर आणि फँटसीचे चाहते सध्या काय वाचतायत? मराठीतली जुनी, कॉपी केलेली पुस्तकं सोडून सुचवा." असा प्रश्न आहे. पहिल्या वाक्यावर थांबला असतात तर मीही चार नावं टाकून गेले असते. दुसरं वाक्य वाचलं आणि बसलेच लिहायला.

आधी यादी देते, म्हणजे नंतर तक्रार नको.

फँटसीत सध्या सगळ्यात मोठी गर्दी ड्रॅगन आणि प्रेमप्रकरण एकत्र नांदणाऱ्या पुस्तकांभोवती आहे. रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग' 2023 मध्ये आलं. त्याच मालिकेतलं तिसरं, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी 2025 मध्ये आलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या 27 लाख प्रती खपल्या. सारा मास त्याच्या कितीतरी आधीपासून हेच करते आहे. मला यातलं निम्मं झेपत नाही, ड्रॅगनपेक्षा नायकाचे दंडच जास्त पानं खातात. पण ज्यांना आवडतं त्यांना नाकं मुरडणारी मी कोण. ज्यांना नकाशे, जादूचे काटेकोर नियम आणि उशीएवढी जाड पुस्तकं हवीत ते ब्रँडन सँडरसनकडे जातात. या माणसाने 2022 मध्ये गुपचूप लिहून ठेवलेल्या चार कादंबऱ्यांसाठी थेट वाचकांकडे पैसे मागितले आणि चार कोटी डॉलरच्या वर जमले. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जॉर्ज मार्टिनचे वाचक 2011 पासून पुढच्या खंडाची वाट बघतायत, त्यांच्या दुःखात मी सहभागी आहे. आणि गेमिंगवाली पोरं 'डंजन क्रॉलर कार्ल' वाचतायत. मॅट डिनिमनने ती मालिका 2020 मध्ये स्वतःच प्रकाशित करायला सुरुवात केली, मग मोठ्या प्रकाशकाने उचलली. पृथ्वीची वाट लागते, उरलेल्या माणसांना एका जीवघेण्या गेममध्ये उतरवतात, नायकासोबत त्याची बोलणारी मांजर. ऐकायला खुळचट वाटतं, पण सुटत नाही. या गोंगाटात कुणाला शांत, विचित्र आणि छोटं काही हवं असेल तर सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (2020). माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात चांगलं तेच.

हॉररमध्ये स्टीफन ग्रॅहम जोन्सचं 'द बफेलो हंटर हंटर' (2025). रक्तपिपासूची गोष्ट आहे, पण हा रक्तपिपासू अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ब्लॅकफीट जमातीचा, आणि ती आपल्यापर्यंत पोचते 1912 सालच्या एका पाद्र्याच्या रोजनिशीतून. मारियाना एन्रीकेझ ही अर्जेंटिनाची लेखिका, तिची 'आवर शेअर ऑफ नाइट' ही जाडजूड कादंबरी. त्यात सैतानी पंथ आहे आणि हुकूमशाही आहे, दोघांपैकी जास्त भीती कशाची वाटते ते वाचून ठरवा. टी. किंगफिशरचं 'व्हॉट मूव्ह्ज द डेड' (2022) एका रात्रीत संपतं. चित्रांतून घाबरायचं असेल तर जुंजी इतोचं 'उझुमाकी' आहे, ते नव्वदच्या दशकातलं, पण पोरं आजही तेच वाचतात.

झालं तुमचं उत्तर. आता याच यादीकडे परत बघा. किंगफिशरचं पुस्तक म्हणजे एडगर ॲलन पोने 1839 मध्ये लिहिलेली अशरच्या वाड्याची गोष्ट. तोच वाडा, तेच भाऊ-बहीण, नव्याने सांगितलेले. जोन्सची रोजनिशी आणि कबुलीजबाब ही ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला'त 1897 मध्ये वापरलेली तऱ्हा. यांना कुणी कॉपी म्हणत नाही, उलट पुरस्कारांच्या याद्यांत घालतात. हीच गोष्ट आपले मराठी भयकथाकार नारायण धारप यांनी केली की मात्र ती 'कॉपी'. हे मला कुणी ऐकवलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नातला सूर अगदी तस्साच आहे.

आमचे धाकटे दीर. माणूस चांगला, अडीअडचणीला पहिला धावून येणारा, पण पुस्तकांचा विषय निघाला की अंगात येतं. 'तुंबाड' हा हिंदी भयपट 2018 मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. फारसं कुणीच गेलं नव्हतं म्हणा. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, तेव्हा आम्ही सगळे मिळून गेलो. सासूबाईसुद्धा. परत येताना गाडीत पुतणी म्हणाली, ती साखळदंडातली म्हातारी कसली भारी होती. मी म्हटलं, तो भाग धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचलेला आहे, घरी आहे, देते तुला. झालं. भाऊजी पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणाले, "धारपांचं काय त्यात वहिनी? त्या अमेरिकन स्टीफन किंगची गोष्ट आहे ती. धारप म्हणजे किंगची झेरॉक्स."

पुतणीने विचारलं, "धारप कोण?" आणि त्याच श्वासात, "मग किंगचंच वाचते ना, झेरॉक्स कशाला?"

ही ठेच मला लागली. ज्या लेखकाच्या नावाने आम्ही रात्री पांघरुणाबाहेर पाय काढत नव्हतो, त्याची ओळख घरातल्या मुलीला या एका वाक्यात व्हावी! सासूबाई मागून म्हणाल्या, "म्हणजे म्हातारी नक्की कुणाची?" त्यावर सगळे हसले आणि विषय तिथे संपायला हवा होता. संपला नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कितीतरी दिवस चालला. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्येसुद्धा आम्ही दोघं एकमेकांना तारखा फेकून मारत होतो.

भाऊजींची माहिती खरी होती, ते मला गाडीतही ठाऊक होतं. 'आजी' ही स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या 1984 च्या कथेवर बेतलेली आहे, खुद्द 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीही ते सांगितलेलं आहे. धारपांची 'लुचाई' किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ'च्या मागे त्याचंच 'इट'. कुणी नाकारतच नाही. पण भाऊजींची साखळी किंगपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, भांडण ते आहे.

'सालेम्स लॉट' कुठून आलं? किंग शाळेत 'ड्रॅक्युला' शिकवत होता, तेव्हा त्याला प्रश्न पडला की हा काउंट ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीखाली येऊन मरेल, म्हणून मग छोटं गाव. हे त्याने स्वतः मोकळेपणी सांगितलं आहे. स्टोकरचा काउंट तरी आकाशातून पडला का? त्याच्या आधी, 1872 मध्ये, शेरिडन ले फानूची 'कार्मिला' आहे. तिच्याही आधी 1819 मध्ये जॉन पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर', जी त्याने कवी बायरनच्या अर्धवट सोडलेल्या गोष्टीवरून लिहिली आणि छापली गेली बायरनच्याच नावाने! बायरनने ती गोष्ट सुरू केली 1816 च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळे युरोपभर उन्हाळ्यातही पाऊस आणि थंडी. घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली आणि त्याच पैजेतून मेरी शेलीचा 'फ्रँकेनस्टाइन'ही निघाला. किंगचं 'पेट सेमेटरी' घ्या, त्याच्यामागे 1902 ची डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची माकडाच्या पंजाची गोष्ट उभी आहे. भीतीच्या गोष्टी अशाच चालत आल्या आहेत, एकाने दुसऱ्याच्या चुलीतला निखारा नेऊन आपली चूल पेटवायची.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भाऊजींचं उत्तर आलं, "स्टोकर 1912 साली वारला वहिनी. किंग जिवंत आहे. मेलेल्याचं घेणं आणि जित्याचं घेणं यात फरक आहे." मग त्यांनी 'नोस्फेराटू' काढला. 1922 चा जर्मन मूकपट, परवानगी न घेता 'ड्रॅक्युला'वरून केलेला, नावं तेवढी बदललेली. स्टोकरच्या विधवा पत्नीने खटला भरला, जिंकली, आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. मुद्दा बिनतोड होता. मी एवढंच लिहिलं की प्रती पुरत्या नष्ट झाल्या नाहीत म्हणून तो सिनेमा आज अभिजात म्हणून दाखवतात, आणि 2024 मध्ये रॉबर्ट एगर्सने त्याचाच नवा अवतार काढला, जो भाऊजींनी स्वतः तिकीट काढून पाहिला. त्यावर ग्रुपवर शांतता. बहुतेक झोपले असावेत.

धारपांनी काय केलं हे त्यांना कळत नाही याचं कारण ते इंग्रजी आयतं हाताशी असलेल्या पिढीतले. ज्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं कपाटच नव्हतं तिथे धारप होते, आणि पुस्तकं फाटेस्तोवर फिरत होती. किंगचं अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव उचलून मराठी घरात आणायचं तर नुसती नावं बदलून भागत नाही. तिथला चर्चचा क्रूस इथे कुणाला घाबरवणार? आपली माणसं कशाला भितात, कुठल्या खोलीत जायला टाळतात, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरात काय पसरतं, हे ठाऊक असावं लागतं. शिवाय त्यांचा 'समर्थ' हा दुष्ट शक्तींशी झुंजणारा नायक आहे, तो कुणाच्याही किंगकडून आलेला नाही. आणि तो रसायन विषयात शिकलेल्या माणसाने लिहिलेला आहे, ते त्याच्या थंड, मोजून-मापून बोलण्यात दिसतं.

पुतणीने शेवटी काय केलं ते सांगायला हवं, कारण तुमचा 'सध्या' त्यात आहे. तिने 'आजी' वाचली, मग 'ग्रॅमा' वाचली. मग किंग कुणाला मानतो म्हणून शर्ली जॅक्सनचं 1959 चं 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'. आता एम. आर. जेम्स चालू आहे, ते तर 1904 चं. मधूनच 'ऑनिक्स स्टॉर्म'ही होतं उशाशी. माझ्या ओळखीतले बहुतेक खरे चाहते असेच उलटे वाचत जातात. नवीन पुस्तक हे निमित्त, त्याच्या मागचं शोधण्यात खरी मजा. ज्यांना फक्त या महिन्यातलं हवं असतं ते दोन वर्षांत कंटाळून दुसरीकडे जातात.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. धारप सगळेच चांगले नाहीत. बरंचसं घाईत उरकलेलं आहे, शेवटाला तर गाडी पकडायची असल्यासारखे धावतात, आणि बायका फार किंचाळतात. गोष्ट परक्या पुस्तकावर बेतलेली असेल तर पहिल्याच पानावर ठसठशीत तसं छापलं पाहिजे, जुनं असो वा नवं, यात भाऊजींचं आणि माझं दुमत नाही. कारागिरी म्हणाल तर रत्नाकर मतकरी सरस. त्यांच्या गूढकथा आवाज न चढवता मानेवर काटा आणतात, 'खेकडा' आणि 'कबंध' घ्या. आजचं मराठी हवं असेल तर हृषीकेश गुप्ते, 'अंधारवारी' आणि 'घनगर्द', तिथे कॉपीचं नावही काढता येणार नाही. जी. ए. कुलकर्णींना हॉररमध्ये धरलं तर काही लोक चिडतात. चिडू देत, रात्री एकट्याने वाचून बघा आणि मग सांगा.

मराठी फँटसी मात्र रोडावलेली आहे. अनुवाद आहेत, लहान मुलांसाठी मतकरींचंच 'अलबत्या गलबत्या' आहे, पण मोठ्यांसाठी स्वतःचं आख्खं जग उभं करणारी मालिका मी सुचवू शकत नाही. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.

एवढं वाचूनही 'कॉपी'वर अडून असाल तर 'कार्मिला', 'ड्रॅक्युला', 'सालेम्स लॉट' आणि 'लुचाई' या क्रमाने वाचा. 'कार्मिला' छोटी आहे, 'ड्रॅक्युला'चा मधला भाग रेंगाळतो, तिथे सोडू नका. हाच क्रम मी भाऊजींनाही ग्रुपवर पाठवला होता. त्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. वाचायला घेतलं की नाही, ते अजून बोलत नाहीत.