पोरगी ‘डिप्रेस्ड’ म्हणते, काय करू?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एक आई आल्या होत्या. पावसाचे दिवस, म्हणून मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पिशवी सोडून, काच पदराला पुसून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. बेंगळुरूला इंजिनीअरिंग करणाऱ्या मुलीने चुलत बहिणीला मेसेज पाठवला होता, ‘आय ॲम डिप्रेस्ड.’

“मॅडम, डिप्रेशन म्हणजे डोक्याचंच की? शिक्षण सोडवून घरी आणू काय तिला? गोळ्या सुरू झाल्या तर पुढं लग्नाला कोण विचारणार?” तिन्ही प्रश्न एका दमात.

मी समुपदेशक, ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळेत शिकलेली मुलं पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, बेंगळुरू-हुबळीला जातात आणि काही महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडी येतो. आईबाप एक तर हादरतात, नाही तर ‘नखरे’ म्हणून उडवून लावतात. दोन्ही चूक. त्या शब्दाखाली पोराचा दिवस कसा जातोय, हे आधी विचारायला हवं. (या घराला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढच्या शनिवारी मुलगी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आली. थेट स्टेशनवरून, पाठीला सॅक. मी कागदावर पाच शब्द एकाखाली एक लिहिले : सॅड, अपसेट, लोनली, होमसिक, डिप्रेस्ड. म्हटलं, “प्रत्येकापुढे अलीकडचा एक प्रसंग लिही. मराठीत.”

सॅडपुढे तिने लगेच लिहिलं, ‘मॅथ्समध्ये 50 पैकी 19.’ कारण समोर दिसतं, वाईट वाटतं, चार दिवसांनी ओसरतं. अपसेटपुढे, ‘तिघी मला न सांगता सिनेमाला गेल्या, स्टेटसवर कळलं.’ हे लिहिताना पेन इतकं दाबलं की अक्षरं कागदाच्या मागे उमटली. अपसेटमध्ये दुःखाबरोबर राग असतो. उलटलेल्या होडीलाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. तिला वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त ती चिडली होती, आणि चिडलेय असं म्हणायची तिला लाज वाटत होती.

लोनलीपुढे, ‘मेसमध्ये. चौघींत बसून.’ अलोन म्हणजे नुसतं एकटं असणं. काहींना ते आवडतंही. लोनली माणसाला गर्दीतही कुणी आपलं वाटत नाही. होमसिकपुढे, ‘गणपतीत इंटर्नल परीक्षा होती. आईने व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली.’ इथे तिचे डोळे भरले आणि आम्ही जरा थांबलो. घराच्या ओढीला कमी लेखू नये. 1688 साली योहानेस होफर या तरुणाने बासेलच्या विद्यापीठात, परमुलुखात झुरणाऱ्या स्विस लोकांवर वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि त्या दुखण्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतले घरी परतणे आणि वेदना हे दोन शब्द जोडून. आज आपण जुन्या गाण्यांसाठी वापरतो तो शब्द मुळात रोगाचं नाव होता.

शेवटच्या शब्दापाशी पेन थांबलं. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘सगळंच.’

“हा शब्द तुझ्याकडे आला कुठून?” मी विचारलं.

ती आठवू लागली. एका रात्री रूमवर ती म्हणाली होती, “बेजार झालंय गं.” रायचूरची मैत्रीण लगेच समजली, कारण कन्नडमध्ये बेजारु म्हणजे कंटाळा, वाईट वाटणं, मनाला लागणं, सगळंच येतं. उत्तरेकडची मुलगी मात्र म्हणाली, “मीन्स? डिप्रेस्ड?” हिने मान डोलावली. तेव्हापासून तो शब्द चिकटला.

मला हे ऐकून भरून आलं. बेजार हा शब्द फारसीतून आपल्याकडे आलेला, मूळ अर्थ वीट आलेला. आणि सॅडचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. त्यावरून कंटाळलेला आणि मग दुःखी. म्हणजे दोघांची वाट जवळपास एकच. त्या रात्री तिला सॅड हा साधा शब्द पुरला असता.

डिप्रेस्ड हा शब्द दोन कामं करतो, घोटाळा तिथेच होतो. गप्पांमध्ये तो ‘फार वाईट वाटतंय’ इतकाच असतो. डॉक्टरांच्या तोंडी तो आजार असतो : किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन खाली दाबलेलं राहणं, किंवा कशातच गोडी न उरणं, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं. रडू येईलच असं नाही. कारण सापडेलच असंही नाही. आपण मराठीत त्याला नैराश्य म्हणतो ते मला नीट पटत नाही. निराशा म्हणजे आशा सुटणं, इंग्रजीतलं डिस्पेअर. कन्नडमध्ये या आजाराला ‘खिन्नते’ म्हणतात, ते मला जास्त जवळचं वाटतं.

मग मी पीएचक्यू-नाइन या डिप्रेशन चाचपणाऱ्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न काढले. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करायची. तिचे 7 आले. घरी आली की ती पोटभर जेवत होती, झोपत होती, मैत्रिणीचा फोन आला की हसत होती. तिच्यासाठी मॅथ्सची शिकवणी, तिघींशी एकदा स्पष्ट बोलणं आणि महिनाभर आठवड्याला माझ्याशी फोन, इतकं ठरवलं.

पण प्रश्न वाचता वाचता ती मध्येच थांबली होती. पहाटे जाग येणं, भूक मरणं, कामात गोडी नसणं. “मॅडम,” ती म्हणाली, “हे तर बाबांचं आहे.”

आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं. “ह्यांचं काय नाही, जरा बेजार असतात,” त्या म्हणाल्या. मग एकेक निघत गेलं. दिवाळीपासून पहाटे तीनला उठून बसतात. सदरा खांद्यावरून ओघळतो. इतकी वर्षं भजनात टाळ धरणारा माणूस देवळाकडे फिरकत नाही. पित्ताच्या गोळ्या झाल्या, देवऋषीही झाला. मुलीच्या इंग्रजी शब्दाने घर हादरलं होतं, आणि बापाच्या बेजारकडे इतके महिने कुणी वळून बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते आले. मी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ते खाली बघत म्हणाले, “गेलो तर सुटेन, असं वाटतं कधी कधी.” घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी भावाच्या घरी कुलपात ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी थायरॉइडसह रक्ततपासणी करून गोळ्या दिल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. रात्री-अपरात्री भीती वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी आईंच्या मोबाइलमध्ये घालून दिला. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलता येतं.

“गोळ्या खाल्ल्या की लोक म्हणतील...” आई दारात म्हणाल्या. मुलीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “म्हणू देत की.”

गेल्या एकादशीला ते भजनाला गेले. टाळ हातात घेतले नाहीत, मागे भिंतीला टेकून बसले, असं आईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, झोप कितीपर्यंत लागते आता?

“साडेचार,” त्या म्हणाल्या. “कधी कधी पाच.”